एका अक्षराची चूक : सिकलसेल आजार आणि रेणवीय जीवशास्त्रातील संशोधन



वार्षिक अहवालात जमाखर्च आणि कामाचा आढावा यांच्या जोडीला आरोग्यविषयक एक अभ्यासलेख द्यावा, असा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. या वर्षी हे काम माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून माझे आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले आहे. रेणू आणि जनुके हा माझा प्रांत नव्हे. तरीही हा विषय मी आग्रहाने मागून घेतला. त्याचे कारण लेखाच्या उत्तरार्धात येईल. आपल्या डॉक्टर मंडळींनी मसुदा बारकाईने तपासून दिला, त्याबद्दल त्यांचे आभार.

हरसूल परिसर भाताचा आणि नागलीचा. कापणीच्या दिवसांत प्रत्येक घरात विळा परजला जातो. त्याच विळ्याच्या आकारावरून ज्या आजाराला नाव पडले, तो सिकलसेल आजार महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे. ज्या आजाराचे मूळ थेट एका रेणूत सापडले, असा हा जगातील पहिला आजार. आधुनिक रेणवीय जीवशास्त्राचे अनेक महत्त्वाचे टप्पे याच आजाराच्या अभ्यासातून गाठले गेले. म्हणून हे विज्ञान परदेशातील प्रयोगशाळांइतकेच आपल्या बाह्यरुग्ण विभागातील बाकावर बसलेल्यांचेही आहे.

आजाराचे स्वरूप

रक्तातील तांबड्या पेशी फुप्फुसांतून प्राणवायू घेतात आणि शरीरभर पोहोचवितात. हे काम पेशीतील हिमोग्लोबिन नावाचे प्रथिन करते. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. निरोगी पेशी गोल, मऊ आणि लवचिक असते. केसाहून बारीक वाहिनीतूनही ती दबून, वाकून पार होते. सिकलसेलच्या रुग्णात मात्र प्राणवायू सोडून दिल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे लांब, ताठ धागे बनतात. त्या धाग्यांच्या ताणाने पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते.

अशा पेशींमुळे दोन प्रकारचे नुकसान होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही वाकडी पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होते. त्यामुळे रक्त कायम कमी राहते. शिवाय या पेशी बारीक वाहिन्यांत अडकून पुढचा रक्तपुरवठा तोडतात. मग हातापायांत, पाठीत, छातीत, पोटात असह्य वेदना उठतात. लहान मुलांच्या हातापायांवर सूज येते, प्लीहा निकामी होऊन जंतुसंसर्ग वारंवार होतात, आणि काही रुग्णांना पक्षाघातही होतो. पोराला नजर लागली, हाडात वारा शिरला, असे म्हणून ज्या वेदनांवर वर्षानुवर्षे अंगारेधुपारे होत आले, त्यांपैकी काहींच्या मुळाशी हा आजार असतो.

शोधाचा मागोवा

१९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यास आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. पुढे सुमारे चार दशके हा पेशींचा आजार मानला गेला. १९४८ साली न्यूयॉर्कमधील बालरोगतज्ज्ञ जेनेट वॉटसन यांनी एक मार्मिक निरीक्षण मांडले. या मुलांत जन्मतः लक्षणे दिसत नाहीत. याचा संबंध गर्भावस्थेतील वेगळ्या हिमोग्लोबिनशी असावा, असे त्यांनी सुचविले. हा धागा पुढे कुठवर गेला, ते नंतर पाहू.

१९४९ साली लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सरकविण्याचा प्रयोग केला. रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकले. ज्यांना आजाराची लक्षणे नव्हती, पण ज्यांच्या रक्तात हा दोष होता, त्यांच्यात दोन्ही प्रकारचे हिमोग्लोबिन एकत्र आढळले. निरोगी, वाहक आणि रुग्ण या तीन वेगळ्या अवस्था आहेत, हे त्या एका प्रयोगाने उघड झाले. वाचकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी, अशी विनंती आहे.

मग नेमका फरक कोठे? १९५६-५७ साली केंब्रिज येथे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो शोधून काढला. हिमोग्लोबिन चार साखळ्यांचे असते : दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत अमिनो आम्लांचे १४६ मणी असतात. त्यांतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. बाकी सारे जसेच्या तसे. ग्लुटामिक आम्लाचे पाण्याशी जमते, व्हॅलिनचे जमत नाही. त्यामुळे रेणूच्या पृष्ठभागावर एक चिकट जागा तयार होते. प्राणवायू सुटला की ती शेजारच्या रेणूतील खोबणीत जाऊन बसते आणि धागा विणला जाऊ लागतो.

जनुकांची खतावणी

हा मणी बदलला कसा, हे समजण्यासाठी डीएनएकडे वळावे लागेल. १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना मांडली. डीएनए ही ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली वही होय. मानवाच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे असतात. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाचा अर्थ एक अमिनो आम्ल. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्यातील ‘जीएजी’ या शब्दाच्या जागी ‘जीटीजी’ आले, म्हणजे ए च्या जागी टी पडला, की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते.

हिशेबनीसाला हे समजावून सांगावे लागत नाही. कीर्दीत एक आकडा चुकला तर तो खतावणीत उतरतो, खतावणीतून तेरजेत आणि तेरजेतून ताळेबंदात. चूक एका जागी असते, पण ताळेबंद कोठेच जुळत नाही. इथेही ३०० कोटी अक्षरांपैकी एक अक्षर, आणि त्यापायी सारे शरीर वेठीस धरले जाते. फरक इतकाच, की आमच्या वहीत चूक खोडून सही करता येते. शरीराच्या वहीतील चूक दुरुस्त करण्याचे सामर्थ्य माणसाला अगदी अलीकडे आले, आणि तेही फार महागडे.

भारतातील आणि महाराष्ट्रातील नोंद

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये लेहमन आणि कटबुश यांनी नोंदविला. १९५८ साली नागपूरचे शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील आढळ प्रसिद्ध केला. पुढे पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्राच्या दुर्गम भागांत अनेक दशके तपासणीचे काम केले. २०१९ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. सातपुड्यातील भिल्ल, पावरा, गडचिरोलीकडील माडिया, परधान अशा जमातींत या जनुकाचे प्रमाण विशेष आढळले. विदर्भात आदिवासींखेरीज इतर समाजांतही तो आहे. त्यामुळे हा अमुक एका जमातीचा आजार आहे, असे म्हणणे शास्त्राला धरून नाही.

इतका त्रासदायक दोष टिकून का राहिला? १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून उत्तर दिले. ज्याला हा दोष एकाच पालकाकडून मिळाला आहे, अशा वाहकाला प्राणघातक हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. रानात, डासांच्या प्रदेशात राहणाऱ्या पूर्वजांना याच अक्षराने तारले. हा कोणाच्या पापाचा वा देवाच्या कोपाचा परिणाम नव्हे. पूर्वजांनी हिवतापाशी दिलेल्या झुंजीची ती खूण आहे.

हे अक्षर प्रथम कोठे बदलले, यावर मात्र अद्याप एकमत नाही. १९८० च्या दशकात ओडिशातील आणि अरबस्तानातील रुग्णांच्या जनुकाभोवतीची रचना आफ्रिकेहून निराळी आढळली, म्हणून आशियात ते स्वतंत्रपणे उद्भवले असावे, असे मानले गेले. २०१८ साली संपूर्ण जनुकसंचांच्या वाचनावर आधारलेल्या एका अभ्यासाने सुमारे ७३०० वर्षांपूर्वी आफ्रिकेत एकच उगम झाल्याचे मत मांडले.

वारशाचा हिशेब

प्रत्येकाला बीटा साखळीच्या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दोन्ही निर्दोष असल्यास ‘एए’, एक सदोष असल्यास ‘एएस’ म्हणजे वाहक, आणि दोन्ही सदोष असल्यास ‘एसएस’ म्हणजे रुग्ण. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते. शेती, नोकरी, संसार सारे करू शकते.

एक जण वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर एकही मूल एसएस होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि निर्दोष असण्याची चारांत एक. येथे एक गैरसमज नेहमी होतो. पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली, असे आईवडील समजतात. पिशवीत चार चिठ्ठ्या आहेत. एक काढायची, पाहायची आणि पुन्हा पिशवीतच टाकायची, असा हा खेळ आहे. दर वेळी चारही चिठ्ठ्या पिशवीत असतात.

डीएनए वाचण्याचे तंत्र

१९७७ साली फ्रेडरिक सँगर यांनी डीएनएची अक्षरे क्रमाने वाचण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यासाठी १९८० साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७८ साली कान आणि डोझी यांनी गर्भाच्या डीएनएवरून सिकलसेलचे निदान शक्य असल्याचे दाखविले. १९८५ साली पीसीआर तंत्राचा, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या लाखो प्रती काढण्याच्या पद्धतीचा, पहिला निबंध आला. त्यातही उदाहरण होते ते सिकलसेलच्याच निदानाचे. कोरोनाच्या काळात हे नाव घरोघरी पोहोचले. त्या तंत्राची सुरुवात या आजारापाशी झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९९० साली सुरू झालेला मानवी जनुकसंच प्रकल्प २००३ साली पूर्णत्वास गेल्याचे जाहीर झाले. त्याला सुमारे ३०० कोटी डॉलर खर्च आला. आज एका माणसाचा जनुकसंच एक हजार डॉलरच्या आत वाचता येतो. भारतात २००९ साली दिल्लीच्या जीनोमिकी आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने एका भारतीयाचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला. जीनोम इंडिया प्रकल्पातील १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती ९ जानेवारी २०२५ रोजी संशोधकांसाठी खुली करण्यात आली. आजवरचे बरेच संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले असल्याने आपल्याकडील समाजांची अशी नोंद होणे अगत्याचे होते.

संशोधनातून उपचाराकडे

आता जेनेट वॉटसन यांच्या धाग्याकडे परत येऊ. गर्भावस्थेत बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते आणि ते विळ्याचे धागे बनू देत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत त्याचे उत्पादन जवळपास थांबते आणि लक्षणे सुरू होतात. हे गर्भकालीन हिमोग्लोबिन मोठेपणीही वाढविता आले तर? हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः तेच करते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने वेदनांचे झटके कमी होत असल्याचे दिसले आणि १९९८ साली अमेरिकेत प्रौढ रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. ही साधी गोळी आहे, परंतु ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासूनच घ्यावयाची असते. मूल हवे असल्यास किंवा दिवस राहिल्यास तसे तत्काळ सांगावयाचे असते.

२००८ साली असे स्पष्ट झाले, की ‘बीसीएल ११ ए’ नावाचे जनुक गर्भकालीन हिमोग्लोबिनचे उत्पादन दाबून धरते. मग क्रिस्पर तंत्राने, म्हणजे जनुकाच्या कात्रीने, रुग्णाच्याच मूलपेशींत या जनुकाचे नियंत्रण सैल करण्याची कल्पना पुढे आली. या कात्रीसाठी शार्पेंटिए आणि डाउड्ना या दोन शास्त्रज्ञ स्त्रियांना २०२० सालचे नोबेल मिळाले. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने ‘कॅसजेव्ही’ हा उपचार मंजूर केला. चाचणीत पुरेसा काळ पाहिल्या गेलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने तीव्र वेदनांचा झटका आला नाही. अमेरिकेत त्याची किंमत ठरली २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये. त्यातही रुग्णाच्या अस्थिमज्जेतील जुन्या पेशी कडक औषधांनी नष्ट कराव्या लागतात. त्यासाठी मोठ्या रुग्णालयात दीर्घ मुक्काम लागतो.

आपल्या देशात हाच मार्ग स्वस्त करण्याचा प्रयत्न सुरू झाला आहे. दिल्लीच्या उपरोक्त संस्थेने विकसित केलेली ‘बिरसा १०१’ ही देशी जनुकोपचार पद्धत नोव्हेंबर २०२५ मध्ये, बिरसा मुंडा यांच्या १५० व्या जयंतीच्या वर्षात जाहीर झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे तिचे तंत्रज्ञान सोपविण्यात आले. पुण्याहून हरसूल फार दूर नाही. तरीही उद्याच्या उपचाराच्या आशेवर आजची तपासणी लांबणीवर टाकणे योग्य होणार नाही.

आपल्या नोंदवहीने दिलेला धडा

हा विषय मी मागून घेतला, त्याचे कारण आता सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्या रुग्णालयात सिकलसेलची प्राथमिक चाचणी सुरू झाली. या चाचणीत रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. सदोष हिमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होते आणि नळीमागच्या कागदावरील रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे, काही मिनिटांत होते. मात्र द्रावण वाहकाचेही गढूळ होते आणि रुग्णाचेही. दोहोंतील फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीतच कळतो.

त्या वेळी नोंदवही आखण्याचे काम माझ्याकडे होते. मी दोन रकाने आखले : पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह. कागदावरही तेच लिहून जाऊ लागले. लग्न ठरलेल्या एका मुलीच्या कागदावर ‘सिकल पॉझिटिव्ह’ असे लिहून गेले. तो कागद मुलाकडच्यांच्या हाती पडला आणि सोयरीक मोडली. मुलीला घेऊन तिची आई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “साहेब, कागद तर तुम्हीच लिहिलात ना? मग माझ्या पोरीला झालंय तरी काय, ते सांगा.” माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढील तपासणीचा अहवाल आला, तेव्हा मुलगी केवळ वाहक असल्याचे कळले. तिला काहीही झालेले नव्हते. ज्या मुलाशी लग्न ठरले होते, त्याची तपासणी करावी असे तर कोणाच्या मनातही आले नव्हते.

मोडलेली सोयरीक पुन्हा जुळली नाही. पाउलिंग यांनी १९४९ साली तीन अवस्था दाखविल्या होत्या. मी दोनच रकाने आखले होते. हिशेबाच्या वहीत अशी चूक झाली असती, तर लेखापरीक्षकाने ती पहिल्याच दिवशी दाखविली असती. माणसांच्या नोंदीचे लेखापरीक्षण कोण करणार?

त्यानंतर आपली नोंदवही बदलली. प्राथमिक चाचणीचा निकाल आता ‘पुढील तपासणी आवश्यक’ असा लिहिला जातो. अंतिम अहवाल एए, एएस आणि एसएस अशा तीन स्वतंत्र रकान्यांत येतो. तो संबंधित व्यक्तीच्याच हाती, समजावून सांगून दिला जातो; नातेवाईकांना तिच्या संमतीखेरीज दाखविला जात नाही. पुढे त्या मुलीचे दुसरीकडे लग्न ठरले, तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला घेऊन ती स्वतः तपासणीला आली. त्याचा अहवाल एए निघाला. त्या दिवशी आईने मला काही विचारले नाही. जाताना फक्त हात जोडले. मला मात्र मान वर करवली नाही.

कुटुंबांसाठी सूचना

१. लग्नापूर्वी मुलगा आणि मुलगी दोघांचीही तपासणी करावी. एकट्या मुलीची तपासणी करून पूर्ण चित्र कळत नाही.

२. दोघेही वाहक असल्यास घाबरून जाऊ नये, समुपदेशन घ्यावे. दिवस राहिल्यावर लवकर कळविल्यास गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात होऊ शकते. पुढचा निर्णय सर्वस्वी त्या दांपत्याचा.

३. सहा महिन्यांच्या आतील बाळाची प्राथमिक चाचणी विश्वसनीय नसते. नुकतेच रक्त चढविलेल्या व्यक्तीची तपासणीही फसवी ठरते. तसे आधी सांगावे.

४. रुग्णाने भरपूर पाणी प्यावे. थंडी, उपास आणि अतिश्रम टाळावेत. दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला जाणाऱ्यांनी गोळ्या आणि तपासणीचा कागद बरोबर न्यावा. पहाटेच्या गारठ्यात पुरेसे कपडे अंगावर असावेत.

५. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, एकाएकी पोट फुगून अंग पांढरे पडणे किंवा हातपाय लुळा पडणे, यांपैकी काहीही झाल्यास रात्र असली तरी थांबू नये. तडक रुग्णालय गाठावे.

६. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. पात्र रुग्णांनी प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. कागदपत्रांसाठी आमचे कार्यालय साहाय्य करील.

समारोप

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. बाधित भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करावी आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, असे उद्दिष्ट ठरविण्यात आले. सरकारी यंत्रणेचे हे काम फार मोठे आहे. आपल्यासारख्या छोट्या रुग्णालयाने त्यात आपला वाटा उचलावा, आणि तो नीट उचलावा, इतकेच आपल्या हाती आहे.

देणगीदारांना एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. यंत्राच्या देणगीवर पाटी लावता येते. समुपदेशकाच्या पगारावर ती लावता येत नाही. परंतु अहवालाचा कागद आणि माणसाचे आयुष्य यांच्यामध्ये उभी राहणारी व्यक्ती म्हणजे समुपदेशक. ती जागा रिकामी राहिली, की काय घडते, हे मी पाहिले आहे. येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात या पदासाठी स्वतंत्र तरतूद व्हावी, अशी विश्वस्त मंडळास विनंती करून हा लेख येथे पूर्ण करतो.